कुंदनच्या नावाची मूठ

२१ जुलै, सोमवार. नरडाणा

चार ओळींची एक मेल पाठवायला आज काय किंमत पडली, ते आधी मांडून ठेवतो. नथ्थूभाऊच्या जिनिंगमधलं गरम जेवण, शेवभाजीसकट. लॅपटॉपच्या कोपऱ्याचा टवका, कारण चिडून तो लोखंडी चौकटीवर आपटला. गच्चीवर रेंज शोधताना भिजलेला सदरा. आणि बायकोशी, पुष्पाशी, फोनवर बोललेलं एक खोटं, की कामाची मेल होती म्हणून उशीर झाला. एवढं सगळं देऊन मेल गेलीच नाही. आउटबॉक्समध्ये बसून आहे, फाट्यावर गाडी बंद पडलेल्या वऱ्हाडासारखी.

जळगावच्या ऑफिसात हाच लॅपटॉप, बटण दाबलं की मेल गेली. बाहेरगावी मोबाइलच्या नेटवर आलं की येणाऱ्या मेल येतात, गिऱ्हाइकांच्या तक्रारी तर हमखास येतात, पण जाणारी अडते. खाली इंग्रजीत एक लाल ओळ उमटते. तिचा अर्थ सूनबाईने मागेच सांगितला होता: आम्ही तुम्हाला ओळखत नाही, तुमचं टपाल पुढे देणार नाही. मी त्या ओळीकडे बघून हसतो. दीपनगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली ग्रीस भरायचो, तेव्हा गेटवर रोज हेच ऐकायचो. आज अमळनेरपासून दोंडाईच्यापर्यंत कुठल्याही जिनिंगच्या गेटवर माझी गाडी थांबत नाही.

पावसाळ्यात जिनिंग बंद असतात आणि तेव्हाच आमचं काम चालतं. नवा कापूस यायच्या आत मशिनं उघडायची, झिजलेलं बदलायचं, चालवून बघायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, दांडा कानाशी धरतो, डोळे मिटतो. हे दसरा काढेल, हे नाही, असं तिथल्या तिथे सांगतो. याच कानांवर घर बांधलं, ऑफिस बांधलं.

मेल कुंदनला होती. माझा धाकटा भाऊ. फर्मच्या नावात त्याचं नाव अजून माझ्या नावाला जोडून आहे. चार वर्षांपूर्वी तो म्हणाला, भाऊ, बेअरिंगचं आता यंत्राने कळतं, आपणही घेऊ. मी याच नथ्थूभाऊसमोर म्हणालो, माझे कान असताना डबडं कशाला. सगळे हसले, तो हसला नाही. दिवाळीनंतर बायको आणि मुलगी भाविका यांना घेऊन सुरतेला गेला, तेच डबडं विकणाऱ्या कंपनीत. माझा फोन घेत नाही. माझ्या नंबरापुरता त्याचा फोन बंदच आहे. घरातही माझ्यासमोर त्याचं नाव कोणी काढत नाही. माय सुद्धा नाही.

मेल मात्र जाते. त्याचा जुना पत्ता मला पाठ आहे, त्यानेच ऑफिसात बसून माझा आणि त्याचा असे दोन्ही पत्ते बनवले होते. घरी लिहिणं जमत नाही, म्हणून दौऱ्यावर लिहितो. इथे अडलेल्या मेल जळगावला पोचलो की ऑफिसातून एकदम सुटतात. चुकीच्या पत्त्यावरची मेल परत येते, हे मला माहीत आहे, गिऱ्हाइकांच्या आलेल्या आहेत. कुंदनला लिहिलेली चार वर्षांत एकही परत आलेली नाही. म्हणजे तो वाचतो. उत्तर देत नाही, हा त्याचा ताठा. पण या रुपचंदचा पत्ता चुकत नाही आणि रुपचंदचं लिहिलेलं वाया जात नाही, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

संध्याकाळी सुरतेकडून भुसावळला जाणारी गाडी समोरच्या स्टेशनात थांबली. कोण कोण उतरतं ते गच्चीवरून बघत होतो. उगाच.

२३ जुलै, बुधवार. नरडाणा

नथ्थूभाऊंनी चहाच्या वेळी बातमी दिली. आधी दोनदा घसा खाकरला. माणूस दोनदा खाकरला की पुढचं वाक्य फुकटचं नसतं.

"रुपचंदभाऊ, तुम्हले राग येवाव नसेल तं सांगस. जूनमा कुंदन उना व्हता आठे."

मी बशी खाली ठेवली नाही. "इथे आला होता? कशाला?"

"त्या डब्या दाखाडाले. मशीनले चिकटाडी की मोबाइलवर रेघा येतीस. मी काही घिधी नही. तुमना शब्द मोडू का?"

"घ्यायची होती," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसून म्हणाले, "तुमना इचारत व्हता. म्हने, भाऊ आजून स्क्रूड्रायव्हर कानले लावतस का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगं, लावतस. आन आते आवाज पहिलेपेक्षा मोठा करीसन बोलतस."

नंबर देऊ का म्हणाले. आहे माझ्याकडे, म्हणालो. खोटं नाही, नंबर आहेच. तो कोणत्या मशीनजवळ उभा होता, हे मी सहज विचारावं तसं विचारलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. मशीन बंद होतं. ऐकण्यासारखं काही नव्हतं.

त्याला आज बरंच लिहिलं. लहानपणी गोठ्यात बसून दोघांनी वडिलांचा, म्हणजे नानांचा, रेडिओ उघडला होता ते. परत जोडताना दोन स्क्रू उरले, आणि रेडिओ आधीपेक्षा खणखणीत वाजायला लागला. बातम्यांच्या वेळी नाना आले. कुंदनने ते दोन स्क्रू तोंडात लपवले होते. नानांनी विचारलं, याचे गाल का फुगलेत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ही पण अडली. बसा तिथेच दोघी.

२६ जुलै, शनिवार. जळगाव

सकाळी आधी ऑफिसात गेलो. लॅपटॉप उघडताच आउटबॉक्स रिकामा झाला. मोकळं वाटलं, डबक्यातलं पाणी चारीला लागावं तसं.

पुनम, म्हणजे माझ्या मुलाची, तेजसची, बायको, ऑफिसचं सगळं संगणकाचं बघते. तिने कागद पुढे केला. "आबा, मेलच्या पेट्यांचं भाडं भरायचंय. चार पेट्या आहेत. तीन वापरात. कुंदनकाकांची बंद करू का?"

दरवर्षी हाच प्रश्न विचारते. "राहू दे," मी म्हणालो.

"पण आबा, ती पेटी म्हणजे..."

"भाडं मी भरतो ना? मग राहू दे की."

तिने कागद मागे घेतला. पोरगी हुशार आहे, पण भाऊबंदकीतलं तिला काय कळणार.

घरी माय ओसरीवर गहू निवडत बसली होती. पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून काढायचे, ही आमची रीत. ते दळायचे, आणि त्याचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. कुंदन गेल्यापासून दर श्रावणात माय त्याच्या नावाची मूठ काढते, आणि त्याच्या वाटचा रोट शेवटी नदीत सोडावा लागतो. दरवर्षी मी तो सोडायला जात नाही, तेजसला पाठवतो.

माझ्याकडे न बघता माय म्हणाली, "औंदा कुंदननी मूठ काढू का नको?"

चार वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्यासमोर नाव घेतलं.

"तुझी तू बघ," मी म्हणालो.

"खानारा नही तं मूठ कसाले? औंदा नदीमा सोडाव नही मी. येवाव व्हई तं काढसू. नही तं त्याले सांगी देसू, आते तुनी कानबाई तू येगळी मांड." तिने एक खडा वेचून टाकला. "मोठा तू शे. बोलावणं तुनं लागस. आम्हना बायकासना तोंडनं चालस नही."

वेगळी कानबाई म्हणजे कायमचं वेगळं. पुढे कुणी म्हटलं, तुम्हाला भाऊ किती, तर मोजायला थांबावं लागेल असं.

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"शुक्रवारले गहू मोजसू."

२७ जुलै, रविवार. जळगाव

बाजारातून गिलके आणि गंगाफळ घेऊन आलो. मी फाटक उघडलं आणि घरातलं बोलणं थांबलं. माझ्या कानांना थांबलेलं बोलणंही ऐकू येतं. पुष्पा म्हणाली, पारोळ्याच्या भावाशी बोलत होते. मी रविवारी बाजारात जातो तेव्हाच तिचा हा भाऊ नेमका फोन करतो. बरं आहे, बहीणभावांचं तरी जमतं.

जेवताना माय आपणहून म्हणाली, "त्या रेडूना दोन इस्क्रू आजून मना डबामा शेत." आणि हसत सुटली.

मी घास तसाच धरून बसलो. म्हातारीला आजच कसं आठवलं? आईच्या मनाला काय तार जोडलेली असते कोण जाणे. तिकडे कुंदनने काल ते वाचलं असेल, हसला असेल, आणि इकडे हिला आठवण झाली. पुनम पाणी वाढता वाढता आत निघून गेली. पदर तोंडाला होता, तिखट लागलं असावं.

उद्यापासून साक्री. तोताराम नानांच्या शेंगदाण्याच्या तेलघाण्याचं काम आहे. शुक्रवारी रात्रीपर्यंत तिथेच. शुक्रवारच्या आत लिहायचं तर तिथूनच जायला हवं.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी. साक्री

आज यंत्र बंद, तोताराम नानांच्या घरी पुरणाची दिंडं. परत आल्यावर लॉजच्या जिन्यात, जिथे रेंज येते तिथे, पुनमला फोन लावून बसलो.

"बाहेरून मेल जायला काय करावं लागेल, ते आज मला नीट समजावून सांग. रागावू नको."

"मी कधी रागावते आबा? ऐका. ऑफिसातून मेल निघते तेव्हा ती आपल्या ब्रॉडबँडवाल्यांच्या सर्व्हरवरून जाते. तो घरचे ओळखतो. तुम्ही साक्रीहून, मोबाइलच्या नेटवरून त्याच्याकडे गेलात की तो म्हणतो, तुम्ही कोण?"

"मी तोच आहे ना पण."

"तो चेहरा बघत नाही, रस्ता बघतो. कुठून आलात ते. म्हणून मधे एक कुणीतरी लागतो. त्याला आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा, मेल त्याच्या हातात द्यायची. तिकडचे लोक त्याला ओळखतात, त्याच्या हातून आली तर दार उघडतात. त्याला रिले म्हणतात."

"म्हणजे मध्यस्थ."

"तसंच."

"सोयरिकीत असतो तसा."

"तसाच, फक्त मानपान मागत नाही," ती म्हणाली. "तशी सेवा मिळते. आता घेते मी. तुम्ही लॅपटॉपवर सांगते तसं बदला. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, तिथलं जुनं नाव खोडा. पोर्टच्या जागी पाच आठ सात."

"पोर्ट म्हणजे?"

"दार. जुनं दार बाहेरच्यांना बंद असतं."

तिने अक्षर अक्षर सांगितलं, मी चष्मा वर करून एका बोटाने टाइप केलं. दोनदा टिंब चुकलं. ती तिकडून म्हणाली, आबा, तुम्ही बेअरिंगमधला केसाएवढा फरक ओळखता, टिंब दिसत नाही होय. मी म्हणालो, टिंबाला आवाज नसतो.

मग पासवर्ड. "तुम्हीच ठरवा," म्हणाली, "लक्षात राहील असा. पण इकडे पण टाकायचाय, मला सांगा." मी सांगितला. इथे लिहीत नाही. घरातल्या एका माणसाचं नाव आहे आणि त्याचं जन्मसाल. पुनमने तिकडे तो टाइप केला. मग म्हणाली, "चालेल आबा. राहील लक्षात."

पहिली मेल चाचणीची म्हणून कुंदनलाच पाठवली. इथला पाऊस, नानांच्या सुनेने दिंडांत किती गूळ घातला होता, डाव्या कानात कालपासून ठणका आहे, एवढंच. बटण दाबलं. गेली. लाल ओळ नाही, काही नाही. साक्रीच्या जिन्यातून निघून सुरतेच्या घरात. मी एकटाच हसलो. खालचा वेटर म्हणाला, काका, लॉटरी लागली का.

३० जुलै, बुधवार. साक्री

सकाळी पुष्पाचा फोन. पहिलं वाक्य: "कानाला कापूस लावा, आणि कोमट तेल घाला. तेलघाण्यावरच तर आहात."

मी तिला कानाचं काही बोललो नव्हतो. आवाजावरून ओळखलं असणार. तेहेतीस वर्षांचा संसार म्हणजे असं असतं.

मग तिने फोन पुनमला दिला. ऑफिसच्या गोष्टी झाल्या. मधेच पुनम म्हणाली, "आबा, एक सांगू? मी गिऱ्हाइकांना मेल लिहिते ना, त्यात मागचं पुढचं सगळं असतं, पण एका ओळीत स्पष्ट लिहावं लागतं आपल्याला काय हवंय. नाहीतर समोरचा वाचतो, बरं वाटतं त्याला, आणि उत्तर देण्यासारखं काही सापडत नाही."

"कुठल्या गिऱ्हाइकाचं बोलतेस?"

"असंच. एक जुनं आहे."

दुपारी पट्टा तुटला म्हणून काम थांबलं. गाडी काढली. साक्रीहून सुरतेचा रस्ता सरळ आहे, कुणाला विचारावं लागत नाही. पाऊस नव्हता, डोंगर हिरवेगार, रस्त्याच्या कडेला बाया काकड्या घेऊन बसलेल्या. कोंडाईबारीचा घाट लागेपर्यंत मी स्वतःशी असंच धरून होतो की जरा हवा खायला निघालोय. घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली. समोरून सुरतेचे ट्रक चढून येत होते. त्यातल्या एकाच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं होतं. मी हात केला, तो थांबला नाही.

तिथे लक्षात आलं की सुरतेत जाऊन मी शोधणार कुठे. त्याच्या घराचा पत्ताच माझ्याकडे नाही. कुठली सोसायटी, कितवा मजला, खिडकीतून काय दिसतं, भाविका कोणत्या शाळेत जाते, काही माहीत नाही. ती आता दहावीला असेल. जाताना तिची सायकल आमच्याच अंगणात राहिली, तिची चेन मी अजून तेल घालून ठेवतो. माझ्याकडे त्याचा पत्ता म्हणजे तेवढा मेलचा. त्या पत्त्यावर गाडी नेता येत नाही.

काकड्या घेतल्या आणि परत फिरलो.

३१ जुलै, गुरुवार. साक्री

दिवसभर घाणा चालवून बघितला. तोताराम नाना म्हणाले, आवाज छान येतोय. मला मात्र दुसरंच ऐकू येत होतं. माय गहू मोजते तेव्हा मुठीतून दाणे सुपात पडतात, तो आवाज. उद्या सकाळी.

संध्याकाळी लिहायला बसलो. पहिली मेल लिहिली, त्यात नरडाण्याचं सगळं, नथ्थूभाऊंनी काय सांगितलं, त्या डब्यांचं मी काय म्हणालो. वाचली. चांगली होती. शेवटी लिहिलं होतं, "सर्व ठीक. काळजी घे." खोडली.

दुसरीत मायचं लिहिलं. ती थकली आहे, गुडघे दुखतात, तिला बरं वाटेल. हेही वाचलं. मायच्या गुडघ्यांना पुढे करून मी मागे उभा आहे, असं वाटलं. गिऱ्हाइकाकडून वसुली करायची असली की मी असाच तेजसला पुढे करतो. खोडली.

मग मागे लिहिलेल्या मेल उघडून बघितल्या. पाठवलेल्या सगळ्या लॅपटॉपमध्ये राहतात. दोंडाईचा, शिरपूर, नरडाणा. पाऊस, बेअरिंग, भाव, रेडिओ, आमच्या नानांचं सोवळं, कुणाच्या लग्नात कोण पडलं. वाचता वाचता मलाच हसू येत होतं. चाळून संपल्या तेव्हा हसू राहिलं नाही. कुठेच मी त्याला ये म्हटलेलं नाही. एवढ्या गप्पा मारल्या, पण दार उघडं आहे एवढं सांगायचं राहिलं. मला वाटत होतं, ते त्याला कळतंच.

तिसरी लिहिली ती अशी:

"कुंदन, रविवारी रोट आहे. उद्या माय गहू मोजते. ये. भाऊ."

पाठवायच्या बटणावर बोट बराच वेळ धरून होतो. अडली असती तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटलं. अडली नाही. मधल्याने विनातक्रार घेतली आणि पुढे दिली.

२ ऑगस्ट, शनिवार. जळगाव

काल रात्री उशिरा पोचलो. उत्तर नाही. सकाळपासून मोबाइल खिशातून काढतोय आणि ठेवतोय. पुष्पा म्हणाली, त्याला घासून जिन्न निघणार आहे का.

पीठ दळून आलेलं. डबा कोठीच्या खोलीत, वर पांढरं फडकं बांधलेलं. डबा हलवून बघितला. वजनावरून मला समजेल असं वाटलं होतं. समजलं नाही.

"कुंदनची मूठ काढली का?" पुष्पाला विचारलं.

"आईंना विचारा. मी भाजीत आहे."

माय तुळशीपाशी होती. विचारलं. तिने माझ्याकडे वर बघितलं, बराच वेळ, लहानपणी शाळेतून उशिरा आल्यावर बघायची तसं.

"आते पीठ व्हई गयं," म्हणाली. "त्यामा कोनी मूठ कोनती शे, तू वळखी दाखाड."

आणि तुळशीला पाणी घालायला लागली.

३ ऑगस्ट, रविवार. जळगाव

घाईत लिहितो, बाहेर गाणी चालू आहेत.

सकाळी कानबाईच्या चौरंगाला केळीचे खांब बांधत होतो. सुतळी दातात होती. रस्त्यावर रिक्षा थांबली, फाटकाची कडी वाजली, आणि पावलं. चार माणसांची होती, त्यातला एक रिक्षावाला सामान घेऊन. एकाचा उजवा पाय जरा घासत पडत होता. लहानपणी आमच्या विहिरीच्या काठावरून पडला होता, तेव्हापासून तसाच पडतो. मी मागे वळलो नाही. खांब धरून तसाच उभा राहिलो.

"भाऊ," मागून आवाज आला, "तुमना डावा खांब वाकडा शे."

चार वर्षांनी आला आणि पहिली खोडच काढली.

"वाकडा दिसतोय तर धर ना," मी म्हणालो. सुतळी दातातच होती, त्यामुळे नीट उमटलं नसावं. पण त्याने येऊन धरला. मी गाठ मारली. केस पांढरे झालेत त्याचे. अंगाला सुरतेच्या गाडीचा वास.

भाविका माझ्याएवढी उंच झाली आहे. पाया पडली आणि म्हणाली, "मोठे बाबा, माझी सायकल आहे ना अजून?"

रोट खायला बसलो. पंगतीत माय स्वतः वाढत होती. कुंदनच्या ताटात रोट ठेवला आणि हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला, पिठाचा. पुष्पा आत गेली. मी भाजी मागितली, भाजी ताटात असताना.

नदीत सोडायला या वर्षी काही उरलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. जळगाव

सकाळी कानबाईला वाजतगाजत नदीवर पोचवून आलो. दुपारी कुंदनची गाडी. त्याला उद्या कामावर हजर व्हायचं आहे. परत यायचं त्याने काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीला येतो म्हणाला.

स्टेशनवर दोघेच होतो, घरच्या बायका भाविकाला घेऊन बाकावर बसल्या होत्या. मी जरा रुबाबात विचारलं, "माझी गुरुवारची मेल मग लगेच मिळाली ना? साक्रीहून पाठवली होती. लॉजच्या जिन्यातून. आता माझी मेल कुठूनही जाते."

तो हसला. "पुनमने फोनवर वाचून दाखवली. मी म्हटलं, पुन्हा वाच. तीनदा वाचायला लावली तिला."

"पुनमने? तुला आली नाही?"

"मला कशी येईल भाऊ? तो पत्ता माझ्याकडे कुठे आहे? मी गेलो त्या वर्षी ऑफिसचा संगणक बदलला, पासवर्ड नवे झाले. माझा पत्ता आता कंपनीचा." मग माझा चेहरा बघून हळू म्हणाला, "पण मला सगळ्या माहीत आहेत. दर रविवारी माय फोनवर पुनमला बसवायची. तुम्ही बाजारात गेलात की. रेडिओची तर भाविकाने दोनदा ऐकली. मी मायला म्हणायचो, भाऊ सगळं लिहितात, पण मला बोलावतात कुठे?"

गाडी आली. चढताना त्याने खिशातून एक काळी डबी काढून माझ्या हातात दिली, चुंबक लावलेली. "बेअरिंगला चिकटवा. कानाला ठणका असेल त्या दिवशी कामाला येईल."

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी घरी गेलो नाही, ऑफिसात गेलो. पुनम तिच्या टेबलावर होती. मी काही विचारायच्या आत तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुंदनची पेटी. वरपासून खालपर्यंत माझ्याच मेल, सगळ्या उघडलेल्या, वाचलेल्या. त्यांच्यामध्ये दुसऱ्या कुणाचं एक अक्षर नाही.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"दरवर्षी बंद करू का म्हणून विचारत होते आबा. तुम्ही पुढे बोलू द्यायचा नाहीत. आणि आजी म्हणाल्या, तो लिखस ते लिखू दे, एक दिवस बरोबर लिखी."

मी खुर्ची ओढून बसलो. खाली जात राहिलो, दोंडाईचा, शिरपूर, पुन्हा दोंडाईचा. माझ्या टेबलापासून चार हातांवर सगळं येऊन पडत होतं. पेटी आपल्याच ऑफिसातली, भाडं मीच भरत होतो. म्हणून एकही मेल कधी परत आली नव्हती.